अर्ज आणि मर्जी

असे समजावे की, अहमदनगरकडच्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीत एकाच पंधरवड्यात दोन घरांतली मुले विषमज्वराने अंथरुणाला खिळली. मंडळीने दोघांसाठी सारख्याच कळवळ्याने प्रार्थना केली. एक मूल उठून बसले आणि दुसरे गेले. वाचलेल्या मुलाच्या आईला येत्या रविवारच्या उपासनेत उभे राहून साक्ष द्यावयाची आहे, आणि दुसरी आई तिच्या मागच्याच बाकावर बसत असते. ती साक्ष होऊ द्यावी काय, याविषयी मंडळीचे पाळक आणि मामलेदार कचेरीत हयात घालवून पेन्शनीवर आलेले एक वृद्ध शिरस्तेदार यांच्यात बोलणे चालले आहे.

शिरस्तेदार : पाळकसाहेब, अर्जांच्या दप्तरातच माझे आयुष्य गेले. अर्ज कशासाठी करतात? हाकिमाला जे ठाऊक नाही ते त्याच्या कानी घालावे, आणि ठाऊक असूनही जिकडे त्याचे मन वळलेले नाही तिकडे ते वळवावे, एवढ्याचसाठी. परमेश्वर सर्वज्ञ, म्हणून पहिले कारण निकालात निघाले. तो परमदयाळू, म्हणून दुसरेही. मग दरखास्त हवी कशाला?

पाळक : शंका फार जुनी आहे, दादा. तिसऱ्या शतकात ओरिगेनाला त्याच्या अंब्रोस नावाच्या स्नेह्याने हीच विचारली, आणि तिचे निरसन करण्यासाठी त्याने प्रार्थनेवर एक ग्रंथच लिहिला. पण मला त्याहून नवल वाटते ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचे. आपली गरज पित्याला मागण्यापूर्वीच ठाऊक असते, असे प्रभू सांगतो, आणि हे सांगून होते न होते तोच शिष्यांना जी प्रार्थना शिकवतो, तिच्यात रोजच्या भाकरीचे मागणेसुद्धा आहे. ज्याला काही ठाऊक नाही अशा हाकिमापुढे माणूस मजकूर रचतो, सोयीचे तेवढे लिहितो, गैरसोयीचे गाळतो. ज्याला सारेच ठाऊक आहे त्याच्यापुढे ही कारागिरी व्यर्थ, म्हणून खरे बोलण्याची सोय काय ती तेथेच.

शिरस्तेदार : बोलण्याचे झाले, फळाचे काय? प्रार्थनेने माझे मूल वाचले, असे ती बाई म्हणणार. हे खरे असेल तर दुसऱ्या आईची प्रार्थना नामंजूर का झाली, याचा खुलासा कोणीतरी दिला पाहिजे. खरे नसेल तर ते देवाच्या मंदिरात उच्चारू नये.

पाळक : तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस म्हणतो की, प्रार्थना देवाचा संकल्प फिरविण्यासाठी नसते, जे प्रार्थनेच्या द्वारेच द्यावयाचे असे त्याने ठरविले आहे, ते पदरात पडावे म्हणून असते.

शिरस्तेदार : हे गेलेल्या मुलाच्या बापाला ऐकवून पाहा.

(अक्वायनसच्या या विवेचनात मला तरी तर्कदोष सापडत नाही, शिरस्तेदारांनाही सापडला नव्हता. त्यांची हरकत तर्काबद्दल नव्हतीच.)

शिरस्तेदार : त्या घरी विश्वास कमी पडला, असेही काहीजण कुजबुजू लागले आहेत.

पाळक : ते मी खपवून घेणार नाही. दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रभूने गेथशेमाने बागेत तीन वेळा मागितले, टळला नाही. देहातला काटा निघावा म्हणून पौलानेही तीनदा विनविले; निघाला नाही. या दोघांचा विश्वास तोकडा होता, असे म्हणावयाला कोण पुढे येतो ते पाहू.

शिरस्तेदार : पण त्याच बागेत प्रभूने अखेर पित्याची मर्जी शिरोधार्य मानली. तेवढेच आरंभी म्हणून टाकले, तर मागण्याची आणि नकार सोसण्याची यातायातच टळेल.

पाळक : नाही दादा. ज्याने काही मागितलेच नाही, ज्याने आपली इच्छा लाज सोडून, नाव घेऊन, तिच्या सगळ्या हट्टासकट देवापुढे ठेवलीच नाही, त्याने अर्पण केले ते काय? प्रभूने आधी मागितले, कळवळून मागितले, आणि मग जे सोडले ते त्याचे स्वतःचे होते. आपण मात्र नकाराच्या धास्तीने पहिल्यापासूनच मर्जीची भाषा बोलतो आणि त्या सावधपणाला समर्पण म्हणतो. पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या, त्यांच्या अन्नासाठी देवाकडे हात पसरले आणि त्याच हातांनी विहिरीही खणवून घेतल्या. पुढे १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली. मिळालेले आणि गेलेले एकाच बाईच्या पदरी आले. तरी बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. दुसऱ्या आईला सांगण्याजोगे माझ्यापाशी काही असले, तर ते एवढेच.

शिरस्तेदार : याने खुलासा होत नाही.

पाळक : होत नाही.

शिरस्तेदार : मग साक्षीचे काय? निदान प्रार्थनेचा उल्लेख तरी गाळावयास सांगा.

पाळक : कसा सांगू? तिने मागितले होते, तिला मिळाले. आभार मानावयाचे तर मागितल्याचे लपवून कसे मानील? मात्र त्याआधी मी दुसऱ्या घरी जाऊन विचारणार.

शिरस्तेदार : आणि तिने ऐकवत नाही म्हटले तर?

पाळक : तर साक्ष पुढच्या रविवारी.

शिरस्तेदार : हा निकाल नव्हे, ही तहकुबी झाली.

पाळक : तहकुबीच. आपणही माझ्याबरोबर चला. त्या घराशी आपला घरोबा माझ्याहून जुना आहे.