पिंजऱ्यातला राघू कोणाशी बोलतो?



असोद्याच्या शिवारात ज्वारीच्या कणसात दाणे भरू लागले की पोपटांचे थवे उतरतात. शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो, डबा बडवतो, पाखरांच्या सात पिढ्या उद्धारतो. मग दिवेलागणीला घरी येऊन ओट्यावरच्या पिंजऱ्यातल्या राघूला तोच शेतकरी पेरूची फोड भरवतो आणि म्हणतो, "बोल मिठू, बोल!" शेतात तो चोर आणि घरात तो लाडका. पाखरू मात्र एकच आहे. या लाडाला प्रेम म्हणावे की हौस, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

आधी व्यवहाराची गोष्ट सांगून टाकू, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. गळ्याला गुलाबी कंठ असलेला आपला राघू आणि खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पहाडी पोपट, हे दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरात बाळगणे हा गुन्हा आहे. दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून मिळणारे छोटे रंगीत पक्षी मूळचे परदेशी, त्यांची गोष्ट वेगळी. आफ्रिकेतला राखाडी पोपट पाळणाऱ्याला मात्र २०२४ च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंद करावी लागते.

कायदा कशासाठी, हे समजायला राघू पिंजऱ्यात येतो कसा ते पाहावे. जुन्या निंबाच्या किंवा वडाच्या ढोलीत मादी अंडी घालते. पिल्लांना पुरती पिसे फुटण्याआधीच कोणीतरी ढोलीत हात घालतो. पिल्ले टोपलीत दाटीवाटीने भरली जातात आणि त्यांतली कित्येक बाजार गाठण्याआधीच दगावतात. जे जगते, ते आपण कौतुकाने घरी आणतो.

आता बोलण्याविषयी. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याने १६३७ साली लिहिले की पोपट शब्द उच्चारतो, पण आपण काय बोलतो याचा विचार तो करू शकत नाही. आपल्या मराठीने हाच निकाल 'पोपटपंची' या एका शब्दात दिला आहे. (धर्मशिक्षणाची उत्तरे धडाधडा म्हणणाऱ्या मुलांकडे पाहून हा शब्द आम्हांलाही कधीकधी आठवतो!) पण अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या विदुषींनी अॅलेक्स नावाच्या राखाडी पोपटाला तीस वर्षे शिकवले. तो २००७ साली मेला, तोवर त्याला शंभराच्या आसपास शब्द येत होते. वस्तूचा रंग कोणता, आकार कोणता, ताटलीत किती नग आहेत, हे तो विचारल्यावर सांगे. म्हणजे देकार्तचा निकाल वाटला तितका पक्का नव्हता.

आम्हांला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न. पोपट आपले शब्द उचलतो तरी का? तो थव्याचा पक्षी. एकमेकांना साद घालणे, दुसऱ्याचा आवाज उचलणे, हे त्याचे थव्यात राहण्याचे साधन आहे. पिंजऱ्यात थवा नसतो, आपण असतो. म्हणून तो आपल्याला थवा मानतो आणि आपली बोली शिकतो. त्याचे "मिठू मिठू" ऐकून आपण खूश होतो, पण ती एकट्या पडलेल्या जिवाची हाक असते. घरचे दिवसभर कामाला गेले की असा पक्षी कधी कधी स्वतःचीच पिसे उपटतो.

संत थॉमस अक्वायनस यांचा युक्तिवाद आम्ही सेमिनरीत शिकलो: जनावराशी निर्दयपणे वागणारा पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो, म्हणून निर्दयता टाळावी. विचार चांगला आहे, पण इथे अपुरा पडतो. राघू पाळणारा निर्दय कुठे असतो? तो स्वतः चहा-पोळीवर भागवील, पण राघूला भिजवलेले हरभरे देईल. या तराजूत त्याचा दोष निघतच नाही, कारण हा तराजू माणसाचे मन मोजतो. पाखराचे काय हरवले ते त्यात येत नाही. इतर प्राणिमात्रांचे अंतिम प्रयोजन आपण नव्हे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात स्पष्ट म्हटले. राघूचे भले उडण्यात, थव्यात, ढोलीत पिल्ले वाढवण्यात आहे. बदाम घातले म्हणून त्याची भरपाई होत नाही.

इथवर सोपे होते. पण घरभेटींना जाताना आम्ही एक गोष्ट पाहिली आहे; घर कोणाचे ते सांगत नाही. आजोबा जाऊन काही वर्षे झाली, मुले परगावी. घरात आजी आणि जुना राघू. आजोबा शेतातून आल्यावर ज्या सुरात "आयकलं का?" म्हणत, त्याच सुरात राघू रोज संध्याकाळी म्हणतो. आजी आतून "हो, आली" म्हणतात.

त्या आजींना काय सांगावे? पिंजऱ्याचे दार उघडा, असे तर नक्कीच नाही. वर्षानुवर्षे माणसाच्या हातचे खाल्लेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते, शिक्रा आणि मांजर त्याला ओळखू येत नाहीत. असे सोडणे म्हणजे हात झटकणे. जो जीव आपण परावलंबी केला, त्याचे देणे आपल्या अंगावर असते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवले तर पक्षी तपासून त्याची सोय लावता येते. आजींना ते जड जाईल, हे आम्ही जाणतो. म्हणूनच राघू गेल्यावर संध्याकाळी त्यांच्या दारात "आयकलं का?" म्हणायला कोण जाणार, हे आपल्या धर्मग्रामाने आधी ठरवावे आणि मगच त्यांना कायदा सांगावा.

संत फ्रान्सिस असिसीकरांच्या कथांमध्ये एक प्रसंग आहे. एक तरुण रानपारवे विकायला नेत होता. फ्रान्सिसने ते मागून घेतले, मठात त्यांच्यासाठी घरटी केली. पारवे तिथे माणसाळले, अंडी घातली, पिल्ले वाढवली आणि मग फ्रान्सिसने आशीर्वाद देऊन त्यांना जायची मोकळीक दिली. त्या कथेत पिंजरा कुठेच नाही.

असोदा हे बहिणाबाईंचे माहेर. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण सुगरणीचा खोपा त्यांनी झाडावरच पाहिला आणि त्यावर गाणे रचले. आपल्या बांधावरही ढोली असलेली जुनी निंबाची झाडे अजून आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे राघूंची ये-जा सुरू होते. धर्मशिक्षणाच्या मुलांना एका सकाळी तिकडे नेण्याचा आमचा विचार आहे. ज्यांच्या बांधावर असे झाड असेल, त्यांनी मिस्सानंतर आम्हांला भेटावे, आणि तोवर त्यावर कुऱ्हाड घालू नये.