टू बीएचकेत मावेल असा कुत्रा

‘फ्लॅटमध्ये पाळायला कुठलं ब्रीड चांगलं?’ हा प्रश्न नाशिकमध्ये आता पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत कुठल्याही नव्या सोसायटीत ऐकू येतो. वाडे होते तेव्हा तो फारसा कोणी विचारत नसे. ओट्यावर एखादा कुत्रा येऊन बसायचा, उरलेली भाकरी खायचा आणि हळूहळू घरचा व्हायचा. त्याला कोणी निवडलेलं नसायचं. मग बिल्डिंगला लिफ्ट आली, पार्किंगला गेट आलं आणि कुत्र्याचा आपोआप घरी येण्याचा रस्ता बंद झाला. आता तो आणावा लागतो. आणायचा म्हटलं की निवडावा लागतो.

निवडण्यात वाईट काही नाही. न विचारता पिल्लू उचलून आणणाऱ्यापेक्षा आधी चौकशी करणारा माणूस केव्हाही बरा. पण आपण काय विचारतो ते बघा. केस गळतात का? भुंकतो का? किती मोठा होतो? एकटा राहतो का? मोबाइल घेताना आपण असेच फिल्टर लावतो. या यादीतला प्रत्येक प्रश्न ‘मला याचा किती त्रास होईल?’ असाच आहे. ‘माझा याला किती त्रास होईल?’ हा प्रश्न त्या यादीत सापडत नाही.

मुळात ब्रीड म्हणजे काय? बहुतेक ब्रीड म्हणजे माणसाची एखादी जुनी गरज. बीगल ससे हुडकणाऱ्या टोळीत घडला. वास धरायचा आणि मागच्या शिकाऱ्याला लांबून कळेल असं ओरडायचं, हे त्याचं काम. जर्मन शेफर्ड मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधून आला. त्याची पहिली संस्था १८९९ साली स्थापन झाली. सैबेरियन हस्की बर्फावर गाडी ओढायचा. आपल्या दख्खनच्या कारवानी कुत्र्याने माळरानावर धावून ससे धरले. आपण रूप बघून ब्रीड आणतो, पण रूपाबरोबर ते कामही घरात येतं. फक्त काम करायची जागा नसते. सकाळी नऊला दार बंद करून दोघंही ऑफिसला गेले की मागे राहिलेला बीगल ओरडतो. शेजारी तक्रार करतात, आपण त्याला हट्टी म्हणतो. खरं तर तो बिचारा बेकार आहे.

आकाराचाही असाच घोळ आहे. लहान घराला लहान कुत्रा, हे गणित सोपं वाटतं. पण जॅक रसेल टेरियर एवढासा असून दिवसभर घर डोक्यावर घेतो आणि ग्रेटडेन धिप्पाड असूनही तासन्‌तास कोपऱ्यात पडून राहतो. कुत्र्याला किती स्क्वेअर फूट लागतात यापेक्षा त्याला रोज किती तास तुमचे लागतात, हे जास्त महत्त्वाचं.

सोय हाच एकमेव निकष ठरला की काय होतं, हे पगकडे बघून कळतं. २००३ साली हचच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे फिरणारा पग आला आणि देशभर पगला मागणी आली. लहान, शांत, केस आखूड, चेहरा गोड. फ्लॅटसाठी याहून काय हवं? पण तो चपटा चेहराच त्याच्या श्वासाच्या आड येतो. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो, तेव्हा अनेक पगांना जिन्याचे दोन मजलेही जड जातात. त्याचं घोरणं आपण कौतुकाने रेकॉर्ड करतो; बऱ्याचदा ते श्वास अडकत असल्याचं लक्षण असतं. नॉर्वेत २०२२ साली ओस्लोच्या न्यायालयाने इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल यांची पैदास प्राणिकल्याण कायद्याच्या विरोधात ठरवली. पुढे वरच्या न्यायालयात बुलडॉगपुरता निकाल फिरला, कॅव्हेलियरचा टिकला. आपल्याला आवडणारं रूप टिकवण्याची किंमत त्या जनावराने आपल्या शरीरातून किती भरायची, हा त्या खटल्यातला खरा प्रश्न होता.

बरं, एवढं करून ब्रीड आपल्याला हवा तो स्वभाव तरी देतं का? २०२२ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांचा एक अभ्यास आला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के फरक ब्रीडवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. काही सवयी काही जातींत जास्त दिसतात, हे खरंच. पण तुमच्या मांडीवर येणारं हे एक पिल्लू कसं निघेल, याची हमी जात देत नाही. माणसांच्या बाबतीत हे वाक्य आपण फार मोठ्याने म्हणतो.

जातीवरून आठवलं. मराठीत ‘गावठी’ हा शब्द मोठा मजेशीर आहे. गावठी अंडी महाग, गावठी कोंबडी महाग, गावठी कोथिंबिरीचा वास काही वेगळाच. कुत्र्याला मात्र ‘गावठी’ म्हटलं की तो फुकट. इथल्या उन्हात हजारो वर्षं टिकलेलं, कोणी ठरवून न घडवलेलं हे शरीर नाशिकच्या हवेला जितकं मानवतं, तितकं एसीत ठेवलेल्या हस्कीचं मानवणार नाही. शिवाय मोठा झालेला गावठी कुत्रा घेतला, तर त्याचा स्वभाव समोरच दिसतो. चार संध्याकाळी त्याच्यासोबत काढल्या की कुठल्याही ब्रीडच्या माहितीपेक्षा जास्त कळतं.

म्हणजे विकत घेणारे सगळे दुष्ट आणि दत्तक घेणारे सगळे संत, असं मी म्हणत नाही. घरात दम्याचा पेशंट असेल, आजीला धक्का लागून पडायची भीती असेल, तर त्या मर्यादा खऱ्या आहेत आणि त्या सांगून निवड करणं प्रामाणिकपणाचं आहे. पण मर्यादा आणि आवड यांत आपण गल्लत करतो. ‘माझ्या लाइफस्टाइलला बसेल असा’ म्हणताना लाइफस्टाइल दगडासारखी पक्की आणि कुत्रा मातीसारखा मऊ असं आपण धरून चालतो. वस्तुस्थिती उलटी आहे. साडेसहाला उठणं तुम्हाला शक्य आहे. वास घेणं सोडून देणं बीगलला शक्य नाही.

मग अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या, अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या, उद्या पुण्याला बदली होऊ शकेल अशा पोरापोरींनी कुत्रा पाळूच नये का? कदाचित आत्ता नये. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. आपला भाडेकरार अकरा महिने. आवडत असूनही आज न आणणं हेसुद्धा प्रेमच आहे, फक्त त्याचा फोटो काढता येत नाही. तोवर गल्लीतल्या एकाला रोज पाणी ठेवता येतं, त्याचं लसीकरण करून घेता येतं.

माझ्या मते निवड चांगली की वाईट, हे ती करताना फारसं ठरत नाही. निवड चुकली असं वाटेल त्या दिवशी ते ठरतं. पिल्लाने सोफा फाडला, लॅब अपेक्षेपेक्षा दुप्पट वाढला, शेजारी कुरकुरले, त्या दिवशी आपण काय करतो? ‘सूट झाला नाही’ हे वाक्य शर्टाबद्दल ठीक आहे.

महाभारताच्या शेवटी हिमालय चढताना एक कुत्रा युधिष्ठिराच्या मागे लागतो. युधिष्ठिराने त्याला निवडलेलं नव्हतं, ब्रीड तर विचारलंच नव्हतं. वर इंद्र सांगतो की कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही. सोसायटीचा हा नियम तेव्हापासूनचा दिसतो. (आपल्या सोसायट्यांना तेवढंही करता येत नाही, कुत्रा पाळायला बहुमतानेसुद्धा बंदी घालता येणार नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.) युधिष्ठिर आत शिरायला नकार देतो, कारण विश्वासाने सोबत आलेल्याला सोडणं त्याला पाप वाटतं.

आपल्याला एवढा मोठा स्वर्ग सोडावा लागत नाही. रविवारची झोप, एखादी गोव्याची ट्रिप, थोडा मोठा डिपॉझिट देऊन कुत्रा चालणारं घर शोधणं, एवढंच. ते सोडायची तयारी असेल, तर बहुतेक कुत्रे टू बीएचकेत मावतात. नसेल, तर सगळ्यात लहान ब्रीडलाही तिथे जागा कमी पडेल.