निवडणाऱ्याचं ऋण

खो-खोचा शाळेचा संघ निवडायची वेळ आली की मुलींच्या आया मला म्हणत, "नशिबात असेल तर होईल निवड, बाई." नोकरीची सगळी वर्षं हे वाक्य ऐकलं, आणि एकदाही ते मला पटलं नाही. यादी मी करत होते. बारा नावं मी लिहीत होते, बाकीची मी वगळत होते. मग नशीब कुणाचं आणि कर्म कुणाचं? निवृत्तीनंतर बडोद्यात नागरवाड्यातल्या घरी बसून मी या प्रश्नाचा जेवढा विचार केला आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाचा केला असेल.

आपल्याकडे कर्माचे तीन भाग मानतात. साठत आलेलं ते संचित, त्यातलं फळाला आलेलं ते प्रारब्ध, आणि आज आपण जे करतो ते क्रियमाण. कीर्तनातून, आजीच्या तोंडून हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. संघ निवडणारा माणूस खेळाडूचं संचित तपासतो: वेग, दम, उंची, मागच्या वर्षीची कामगिरी. त्यावरून पुढचं सांगता येतं असं त्याला वाटतं. खरंच येतं का?

आमच्या बडोद्यात या प्रश्नाचं सर्वांत मोठं उदाहरण राजवाड्यातच घडलं. 1875 साली मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केलं गेलं आणि आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. मालेगावजवळच्या कवळाणे गावातून गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतली मुलं आणली. तुम्ही इथे का आलात, असं विचारल्यावर बारा वर्षांच्या गोपाळने आपण राज्य करायला आलो असं उत्तर दिलं आणि म्हणून त्याची निवड झाली, ही गोष्ट बडोद्यातल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. 27 मे 1875 रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. जणू त्या एका उत्तरात पुढचा सगळा राजा दडलेला होता. मला ते मान्य नाही. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या त्या मुलाला शाळेची ओळख जवळजवळ नव्हती. त्याच वर्षी एफ. ए. एच. एलियट हे शिक्षक नेमले गेले, दिवाण टी. माधवरावांनी कारभाराचे धडे दिले, आणि 28 डिसेंबर 1881 रोजी त्याच्या हाती संपूर्ण अधिकार आले. मधली सहा वर्षं पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास, घोडेस्वारी, व्यायाम आणि पुन्हा अभ्यास. ज्या राजाने 1893 साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली ते सगळ्या राज्याला लागू केलं, तो राजा या सहा वर्षांत घडला. जमनाबाईंचं थोरपण मला निवडीपेक्षा त्यानंतरच्या वर्षांत जास्त दिसतं. दत्तक घेतलेल्या मुलाला परत पाठवता येत नाही. विधी झाला की घेणारासुद्धा बांधला जातो.

खेळाचं नातंही या गावाशी जुनं आहे. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, राजरत्न माणिकरावांनी ते नावारूपाला आणलं. 1923 साली हिंद विजय जिमखान्याने इथे हुतुतूच्या अखिल भारतीय स्पर्धा भरवल्या. खो-खोचे नियम 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले, आणि 1924 मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने ते छापले. मैदानाची मापं ठरली, वेळ ठरली, गुण ठरले. गडी कसा निवडावा, याचा नियम मात्र कुणी लिहिला नाही. ते ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडलं.

तो नियम अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलवाल्यांनी लिहिला. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे, अंगाला अंग भिडवून हाताने चेंडू पुढे नेण्याचा. फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी 1935 मध्ये प्रस्ताव मांडला आणि 1936 मध्ये पहिल्यांदा 'ड्राफ्ट' झाला: महाविद्यालयांतून येणारे खेळाडू सर्व संघांनी पाळीपाळीने निवडायचे, आणि आदल्या हंगामात जो संघ शेवटचा आला त्याने सर्वांत आधी निवडायचं. बलवानाने आणखी बलवान होऊ नये म्हणून शेवटच्याला पहिला मान. पैशावर चालणाऱ्या खेळात अंत्योदयाचं तत्त्व नियम म्हणून बसावं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

पण त्याच ड्राफ्टने माणसाची पारख किती अपुरी असते, हेही दाखवलं. 1936 मध्ये सर्वांत पहिला निवडला गेलेला जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. उलट 2000 साली टॉम ब्रेडी नावाचा मुलगा 199 व्या क्रमांकावर निवडला गेला. चाचणीत 40 यार्ड धावायला त्याला 5.28 सेकंद लागले होते, त्याच्या खेळात ही गती मंदच. पुढे त्याने सुपर बोल हा अजिंक्यपदाचा सामना सात वेळा जिंकला. घड्याळाने त्याचे पाय बरोबर मोजले होते. प्रतिस्पर्ध्याची रचना एका नजरेत ओळखून शांतपणे चेंडू देण्याची त्याची ताकद मोजायला घड्याळाजवळ काही नव्हतं.

हे मला खो-खोच्या मैदानावर रोज दिसे. शर्यतीत पहिली येणारी मुलगी खो मिळाल्यावर अर्धा क्षण उशिरा उठते आणि गडी निसटतो. दुसरी शर्यतीत मागे, पण चौकात बसल्याबसल्या धावणारीचा खांदा वाचते, खांबाजवळ अचूक सूर मारते. संघ बांधणाऱ्यांत यावरून जुना वाद आहे: उपलब्ध असलेला सर्वांत गुणी खेळाडू घ्यावा, की संघात ज्या जागी उणीव आहे त्या जागेचा घ्यावा? माझं उत्तर ठरलेलं आहे. उणिवेकडे बघून माणूस घेतला की त्या उणिवेपुरताच तो आपल्याला दिसतो. दुसरी कुणी चांगली मिळाली की त्याची गरज संपते. गुण बघून घेतलं, तर त्या गुणाला जागा करून देणं आपल्याला भाग पडतं. पहिल्या निवडीत माणूस साधन होतो. दुसरीत निवडणारा बांधला जातो, दत्तकविधानात जमनाबाई बांधल्या गेल्या तसा.

एवढ्यानेही भागत नाही, हे याच गावाने शिकवलं आहे. सयाजीरावांनी तरुण भीमराव आंबेडकरांचा गुण ओळखला, शिष्यवृत्ती दिली, 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. याहून अचूक निवड भारताच्या इतिहासात शोधावी लागेल. शिष्यवृत्तीच्या करारानुसार 1917 मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत आले. या शहरात त्यांना राहायला घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेतून जमावाने हाकललं, कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. शेवटी कमाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि बडोदा सोडलं. राजाने निवडलं, नगराने स्वीकारलं नाही. निवड एका माणसाची असते, पण ती निभावण्याचं काम सगळ्यांवर येतं. आम्ही बडोदेकर सयाजीरावांचा अभिमान सांगतो, तेव्हा त्याच श्वासात हेही सांगितलं पाहिजे.

आणि निवडल्या जाणाऱ्याचं काय? विनोबा याच शहरात शिकले. शाळेची प्रमाणपत्रं त्यांनी आईसमोर चुलीत घातली, आणि 1916 साली परीक्षेसाठी मुंबईला निघालेले असताना सुरतला उतरून काशीची वाट धरली. इतरांनी लावलेल्या मोजपट्टीखाली उभं राहायलाच त्यांनी नकार दिला. प्रत्येकाला ते जमणार नाही, जमावं असंही नाही. पण ज्या व्यवस्थेत मुलाला 'नाही' म्हणायची सोय नाही, ती कितीही न्याय्य दिसली तरी अपुरी आहे. ड्राफ्टमध्ये दुबळ्या संघाला न्याय मिळतो, पण कोणत्या गावी, कुणाकडे खेळायचं हे खेळाडूला विचारलं जात नाही.

2022 मध्ये आपल्या खो-खोतही ड्राफ्ट आला. अल्टिमेट खो-खो लीगसाठी सहा संघांनी खेळाडू निवडले आणि पुण्याच्या बालेवाडीत सामने झाले. मातीतली मुलं मॅटवर, दूरदर्शन संचावर दिसली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताचे दोन्ही संघ जिंकले. मला अतोनात आनंद झाला. या मुलांना पैसा आणि नाव मिळालंच पाहिजे. पण नाव पुकारलं की निवडणाऱ्याचं ऋण फिटत नाही.

म्हणून संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण यांचा हिशेब मी असा लावते. खेळाडू बरोबर घेऊन येतो ते त्याचं संचित. कोणत्या वर्षी, कुणाच्या नजरेस पडतो ते प्रारब्ध. त्यानंतरचं क्रियमाण मात्र दोघांचं आहे, त्याचं आणि निवडणाऱ्याचं. निवडणारा आपला वाटा विसरतो आणि अपयशाला त्या मुलाचं नशीब म्हणतो, तेव्हा तो अधर्म करतो. हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

शाळेतल्या शिक्षकांना, तालुक्याच्या निवड समित्यांना आणि लीगच्या मालकांना माझी विनंती आहे. यादी लावाल तेव्हा निवडलेल्या प्रत्येकाला पुढच्या हंगामात तुम्ही काय शिकवणार ते लिहून काढा. वगळलेल्या प्रत्येकाला समोर बसवून कारण सांगा आणि पुन्हा कधी यायचं ते सांगा. ज्याला हे करायला वेळ नाही, त्याने दुसऱ्याच्या लेकराची निवड करायला बसू नये.