नवलवार्ता

नवलाची गोष्ट कानी पडली असता ती दुसऱ्यास सांगितल्यावाचून मनुष्यास राहवत नाही. अर्धापूरच्या केळीच्या बागेतून सायंकाळी परतणारा गडी असो, की वर्गात तर्कशास्त्र शिकविणारे आम्ही असू, या बाबतीत दोघांची जात एकच. पूर्वी हा व्यवहार पारावर चाले. आता तो खिशातल्या मोबाईलवर चालतो. आमच्या घरी तर सकाळच्या चहाबरोबर अशा वार्तांचा रतीबच लागलेला आहे. ऑक्टोपसास तीन हृदये असतात हे आम्हांस आमच्या नातीने सांगितले, आणि ते त्याच दिवशी आम्ही निदान चार जणांस सांगितले.

या हौसेत वावगे काही आहे असे आम्ही मानीत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ काढले, पुण्यास १९२८ पासून ‘सृष्टिज्ञान’ निघू लागले, ते वाचकांच्या याच हौसेवर विसंबून. प्रश्न एवढाच की नवल सांगणारा मनुष्य ऐकणाऱ्याचे काही देणे लागतो की नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या मराठवाड्याने साऱ्या जगास असे एक नवल पुरविले. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यात लवूळ नावाचे गाव आहे. कुत्र्यांनी वानराचे एक पिल्लू मारले, म्हणून वानरांनी सूड घेऊन तेथील २५० कुत्री ठार केली, अशी ती वार्ता. परदेशांतल्या वृत्तपत्रांनी ती छापली, लोकांनी तिच्यावर चित्रे व विनोद रचले, आणि ज्यांनी माजलगावाचे नावही कधी ऐकले नव्हते ते या वानरांचे पक्षपाती झाले. वनखात्याने दोन वानर धरून नेले, येथवर गोष्ट खरी. परंतु बातमीदार प्रत्यक्ष गावात जाऊन विचारू लागले तेव्हा २५० चा आकडा फारच खाली उतरला. वानर कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर व घरांच्या माथ्यावर नेत. तेथे ती उपाशी राहून किंवा खाली पडून मरत, असे गावकरी सांगू लागले. सुडाचा पुरावा मात्र कोणापाशीच नव्हता. सूड हा शब्द आपल्या घरचा. तो आपण वानराच्या तोंडी घातला. आम्हीही ही गोष्ट चवीने चारचौघांत सांगितली होती. तिने आमच्या ओळखीच्या कोणाचे काही बिघडले नाही, म्हणून तिच्याविषयी विचार करण्याची गरज त्या वेळी आम्हांस भासली नाही.

ती गरज २१ मार्च २०२४ रोजी भासली. त्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला व दहा-बारा मिनिटांनी दुसरा, ३.६ तीव्रतेचा. अर्धापूर तेथून दूर नाही. आमच्या फडताळातील भांडी वाजली. दुपारी आमच्या मोबाईलवर एक मजकूर आला : मोठ्या भूकंपापूर्वी कुत्री रात्रभर रडतात, पाखरे घरटी सोडतात, आणि परिसरात अशी लक्षणे दिसू लागली आहेत. गोष्ट मनोरंजक वाटली. आम्ही ती पुढे धाडली आणि जेवावयास बसलो.

आमच्या ग्रंथालयात एक सेवक आहे. किल्लारीच्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या गावांपैकी एका गावचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपी गेले असता, त्या भूकंपाने हजारो माणसे मारली. त्याच्या घरची दोन त्यांत होती. तो त्या वेळी नऊ वर्षांचा होता. आमचा मजकूर वाचून तीन रात्री तो बायकामुलांसह घराबाहेर मोकळ्या जागेत बसून राहिला. चौथ्या दिवशी पुस्तके देताना त्याचे तारवटलेले डोळे पाहून आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, “सर, दुसऱ्या कुणी धाडलं असतं तर मी बघितलं बी नसतं. तुम्ही धाडलं, म्हणून खरं वाटलं.”

न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण मानले आहे, पण ते आप्ताच्या शब्दापुरते. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात आप्त कोणास म्हणावे ते सांगितले आहे : ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो. असा मनुष्य ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, त्याच्या कुळाशी कर्तव्य नाही. हे आम्ही गेली पंचवीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. आमच्या सेवकाने आम्हांस आप्त मानले. त्याच्या लेखी आमचे पद हेच प्रमाण झाले. आणि आम्ही तर कुत्रे रडलेले ऐकले नव्हते, पाखरू उडालेले पाहिले नव्हते.

१८७७ मध्ये क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने असे प्रतिपादिले की, पुरेशा पुराव्यावाचून एखादी गोष्ट खरी मानणे हे नीतीच्या दृष्टीने पाप आहे. पण आमचा अपराध त्याच्या कक्षेत बसत नाही. आम्ही ती गोष्ट खरी मानली होती काय? नाही. खोटी मानली होती काय? तेही नाही. आम्ही मानण्याचा प्रश्नच उपस्थित केला नाही. ‘आले तसे पाठविले’ हे आमचे समर्थन, आणि हेच सांगोवांगीचे मूळ स्वरूप होय. पाठविणाऱ्यास वाटते, आपण काहीच विधान केले नाही; घेणाऱ्याच्या हाती मात्र ते आपल्या नावानिशी, आपल्या अब्रूसह पडते. खोटे बोलणाऱ्यास निदान सत्य काय याची फिकीर असते, कारण त्यास ते लपवावयाचे असते. आम्हांस तेवढीही फिकीर नव्हती.

मग नवल सांगूच नये काय? तसे म्हटले तर घर व शाळा दोन्ही उदास होतील. लोणारचे उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये त्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि नाना तर्क उठले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा तो रंग खारटपणात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा निघाला; पाऊस कमी व उन्हाळा कडक, म्हणून पाणी आटून क्षार वाढले होते. नमुना स्थिर ठेवला असता ते जीव तळाशी बसत व वरचे पाणी नितळ होई. तेथे येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या पिसांची लालीही असल्याच अन्नातून येते. कोणत्या अफवेत इतके नवल आहे? पण हे सांगावयास आम्हांस अर्धा तास वाचावे लागले. तो मजकूर पुढे धाडावयास दोन पळेही लागली नव्हती.

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सातनंतर हिंगोलीत पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. या खेपेस आम्ही आधी वाचले आणि मग ग्रंथालयात गेलो. भूकंपात दोन तरंग निघतात, पहिला वेगवान पण सौम्य, दुसरा मागाहून येणारा व घरे हलविणारा. पहिला कुत्र्यामांजरांस जाणवत असावा, पण हिंगोलीपासून अर्धापूरपर्यंत दोहोंत अंतर पडते ते मोजक्या सेकंदांचे, रात्रींचे नव्हे, असे आम्ही त्यास सांगितले. चीनमध्ये १९७५ साली हायचेंग शहर भूकंपापूर्वी रिकामे केले, तेथे प्राण्यांच्या वागण्याचा गाजावाजा झाला, तरी खरी सूचना आधीच्या लहान धक्क्यांनी दिली होती. आणि पुढच्याच वर्षी तांगशान येथे कोणतीही सूचना न मिळता दोन लाखांहून अधिक माणसे मेली, हेही सांगितले. कोणताही प्राणी आदल्या दिवशी भूकंप सांगतो असे आजवर सिद्ध झालेले नाही, हे सांगताना आमचा स्वर जरा वर्गातला झाला असावा.

त्याने हातातली पुस्तके मांडणीवर लावली. मग आमच्याकडे न पाहता म्हणाला, “त्या रात्री आमचं कुत्रं उंबऱ्यातच झोपलं होतं, सर.”