हजेरीपटावरील खोटी खूण

दसरा सरला म्हणजे आपल्या कित्येक खेड्यांतील मंडळ्या अर्ध्या रिकाम्या होतात. बीड, अहिल्यानगर व आसपासच्या जिल्ह्यांतील ऊंसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेस लागतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहींत. उपासनेच्या वेळीं मोकळी राहिलेली जागा आपणांस दिसते. त्याच दिवसांत शाळेंतही जागा मोकळी असते, आणि तिची नोंद कशी करावी हा प्रश्न आपल्यांतील शिक्षकबंधूंपुढें उभा राहतो. आईबापांबरोबर गेलेल्या लेकरापुढें कित्येकदां ‘हजर’ अशीच खूण होते. हा शिक्षक लबाड असतो असें नाहीं. तो म्हणतो, “पोरीनें काय अपराध केला? गैरहजेरी मांडली तर तिचें नांव जाईल. हजेरी मांडली तर कोणाचें काय जातें?” दया व सत्य हीं येथें एकमेकांच्या विरुद्ध उभीं असल्यासारखीं दिसतात, म्हणून ह्या म्हणण्याचा नीट विचार व्हावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम आईबापांची बाजू ऐकूं. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. बायको घरीं राहिली तर तो अर्धा कोयता, आणि मग उचलही तेवढीच कमी मिळते. पहांटेच्या अंधारांत फडांत जावें लागतें, तान्हें मूल कोपींत एकटें टाकतां येत नाहीं, म्हणून आठ-नऊ वर्षांची मुलगी बरोबर घेतात. मोशेची बहीण नदीकांठीं भावावर नजर ठेवून उभी राहिली, तिची आपण रविवारच्या शाळेंत वाखाणणी करितों. ती कांहीं घटका उभी होती. आपली मुलगी पांच महिने उभी असते. पहिली ते पांचवीचे वर्ग वर्षास निदान २०० दिवस भरावे असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत आहे. त्यांतून हा हंगाम वजा केला म्हणजे काय उरतें तें ज्यानें त्यानें मोजावें.

मग अशा आईबापांस दंड करावा काय? हा वाद आपल्याकडे जुना आहे. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचें करावें, अशी मागणी जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें केली. सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं सबंध बडोदें संस्थानांत सक्ती लागू केली. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं आणलेलें विधेयक मात्र मंजूर झालें नाहीं. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत सक्तीचा हुकूम काढला, त्यांत मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड होता. पुढें पाऊणशें वर्षांनीं, १९९२ सालीं, महाराष्ट्र सरकारनें उलट वाट धरली व गरीब घरच्या मुलींस हजेरीच्या प्रत्येक दिवसाबद्दल १ रुपया भत्ता देऊं केला. एकानें रुपया घेतला, दुसऱ्यानें दिला. दोघांसही हवें होतें तें एकच. २००९ च्या कायद्यानें मुलास शाळेंत घालणें हें पालकाचें कर्तव्य ठरविलें, पण त्यास दंड मात्र सांगितला नाहीं. आमच्या मतें हें ठीकच झालें. ज्याच्या मानेवर उचल आहे, त्याच्याकडून आणखी रुपया काढून त्याचें मूल शाळेंत येत नसतें.

परंतु दंड नाहीं म्हणून कर्तव्यही नाहीं, असें कोणीं समजूं नये. ज्यांस कोणत्याही मुकादमाचें देणें नाहीं, असेही पुष्कळ आहेत. जत्रेस चार दिवस, मामाच्या लग्नास आठ दिवस, आणि नाताळची सुटी लागण्यापूर्वींच आजोळची वाट! अशांनीं ऊंसतोड्याच्या कोपीआड लपूं नये.

आतां त्या खोट्या खुणेकडे वळूं. शिक्षकाच्या मनांतील पहिली भीति निराधार आहे, कारण प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेंतून काढून टाकतां येत नाहीं, असें तोच कायदा सांगतो. दुसरी भीति तो सहसा बोलून दाखवीत नाहीं, पण ती खरी आहे: पट घटला तर शाळेंतील एक जागा कमी होईल, आणि तपासणीस आलेला अधिकारी मुलें कोठें गेलीं हें न विचारतां त्यालाच धारेवर धरील. खरें लिहिणाऱ्यास जो अधिकारी शिक्षा करितो, त्याचाही हात त्या खोट्या खुणेवर असतो. तथापि नवव्या आज्ञेनें शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष वर्ज्य केली आहे, आणि ही साक्ष त्या मुलीविरुद्धच जाते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांस शाळेंत दाखल करून घेणें हें स्थानिक अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. अशा मुलांसाठीं गांवांत हंगामी वसतिगृह काढतां येतें. परगांवच्या शाळेनें त्यांस बसवून घ्यावें म्हणून शिक्षण हमी कार्ड देतां येतें. पण जी मुलगी कागदावर गांवींच बसली आहे, तिला कारखान्याच्या तळावर कोण शोधणार? योसेफ व मरीया यरुशलेमेहून निघाले तेव्हां मुलगा सोबत्यांत असेल असें धरून एक दिवसाची वाट चालले. तो नाहीं हें कळलें, तेव्हांच ते मागें फिरले.

येथें आमच्या शिक्षकबंधूंचें एक म्हणणें मान्य केलेंच पाहिजे. खरें लिहून हात झटकणें ही कांहीं मोठी नीति नव्हे. ‘गैरहजर’ असें लिहिलें म्हणजे त्या मुलीचा भार कोणावर तरी येतो, आणि तो एकट्या शिक्षकानें वाहावा हें न्यायाचें नाहीं. मुलगी मागें ठेवण्यास आई कचरते, ती शाळेच्या तिटकाऱ्यानें नव्हे. म्हाताऱ्या सासूला धड दिसत नाहीं, आणि वाढत्या मुलीला रात्रीं कोणाच्या भरंवशावर ठेवावें, ही तिची चिंता असते. पुष्कळ लवकर होणाऱ्या लग्नांचें मूळही ह्याच चिंतेंत आहे. हिचें उत्तर सरकारी वसतिगृह अर्धेंच देऊं शकतें. तेथें संध्याकाळीं जाऊन बसेल अशी एखादी पोक्त बाई मंडळींतून निघाली पाहिजे. आजीच्या घरीं राहणाऱ्या मुलांची रोज चौकशी पंचांनीं वांटून घेतली पाहिजे. आणि जीं जाणारच, त्यांच्या आईच्या हातीं हमी कार्ड आहे कीं नाहीं हें पाळकानें स्वतः पाहिलें पाहिजे. हें सारें दसऱ्यापूर्वींच व्हावें. ट्रॅक्टर एकदां दारांत आला म्हणजे त्या माउलीला विचार करण्यास उसंत राहत नाहीं.