मयताची रक्कम व व्यवस्थापकाचा धर्म

धामणगांव रेल्वेजवळच्या एका खेड्यांतील आमच्या मंडळीचे एक वृद्ध बंधु कापसाच्या वेचणीच्या दिवसांत वारले. नांव सांगण्याचें कारण नाहीं. शेताविषयीं तंटा नव्हता. तंटा होता तो बँकेंतील 5,20,000 रुपयांच्या ठेवीविषयीं. मृत्युपत्रांत त्यांनीं लिहिलें होतें कीं देणें फेडून जें उरेल त्याचे तीन सारखे वांटे करावे. एक थोरल्या मुलास, एक धाकट्यास, व एक मृत कन्येच्या अकरा वर्षांच्या मुलास. हें सर्व पार पाडण्यास त्यांनीं आपल्या खेड्यांतील एका निवृत्त गुरुजींस व्यवस्थापक नेमिलें होतें. कोर्टांत अशा मनुष्यास एक्झिक्युटर म्हणतात.

पहिली अडचण अशी कीं ठेवीवर नॉमिनी म्हणून थोरल्याचें नांव होतें, व तो म्हणे, "बँकेनें माझें नांव लिहिलें, पैसे माझे." हा समज आमच्या खेड्यांत फार पसरला आहे. वाचकांपैकीं अनेकांच्या भिंतीवर कालनिर्णय दिनदर्शिका टांगलेली असेल. तिचे संस्थापक जयंत साळगांवकर 2013 सालीं वारले. त्यांच्या पश्चात् कुटुंबांत हाच प्रश्न निघाला कीं नॉमिनी हा मालक कीं केवळ राखणदार. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, व डिसेंबर 2023 मध्यें निकाल झाला कीं शेअर व म्युच्युअल फंड यांचा नॉमिनी हा मालक ठरत नाहीं. मालकी वारसाच्या कायद्यानें ठरते. बँकेच्या ठेवींविषयीं तेंच न्यायालय 2010 सालीं तसेंच बोललें होतें. थोरल्यास हें समजावून सांगण्यास दोन संध्याकाळ लागल्या. त्यानें रक्कम उचलून गुरुजींनीं मयताच्या नांवें उघडलेल्या निराळ्या खात्यांत भरली, याबद्दल त्याची तारीफ केली पाहिजे.

निराळें खातें कशास, असें कोणी विचारील. ज्याच्या खिशांत स्वतःचे व दुसऱ्याचे पैसे एकत्र पडले, त्यास महिन्याअखेर आपलेच किती हें सांगतां येत नाहीं. आणि ज्यास सांगतां येत नाहीं त्याजवर गांव विश्वास ठेवीत नाहीं.

आतां वांटे देण्यापूर्वीं देणें. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानें येथें क्रम घालून दिला आहे. आधीं दफनविधीचा व शेवटच्या आजाराचा खर्च. मग कोर्टाचा खर्च. मग मयताकडे मृत्यूपूर्वीं तीन महिन्यांच्या आंत राबलेल्या मजुरांची, कारागिरांची व घरगड्यांची मजुरी. मग इतर कर्ज. आणि हें सर्व फिटल्यावर वांटेकरी. सावकाराच्या आधीं मजूर, व पुत्राच्याही आधीं मजूर! कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेविलेली मजुरी याकोबास किती खटकली हें उपदेशकांस ठाऊक आहे. आमच्या गुरुजींनीं खर्चाचे 22,000, कोर्टाचे 12,000, वेचणाऱ्या बायांचे 18,000 व कृषिकेंद्राच्या उधारीचे 48,000 असे एक लाख प्रथम चुकते केले. त्या बायांपैकीं एकीनें आपली मजुरी बुडाली असें धरूनच ठेविलें होतें. ती पैसे हातीं येतांच दोनदां मोजून पाहूं लागली.

उरलेले 4,20,000. थोरला म्हणे, आजच वांटा. परंतु कायदा व्यवस्थापकास मृत्यूपासून एक वर्षपर्यंत वांटे देण्याची सक्ती करीत नाहीं, आणि त्याचें कारण आहे. घाईनें वांटलें व मागून एखादा धनको आला, तर त्यास वांटेकऱ्यांकडून रक्कम परत मागतां येते. आणि देणें ठाऊक असून व्यवस्थापकानें वांटे दिले असतील, तर तें त्याच्याच अंगावर येतें. मात्र हें वर्ष शोधाकरितां आहे, रक्कम उबवीत बसण्याकरितां नव्हे.

खरा प्रश्न येथून पुढें. एका रात्रीं गुरुजी आमच्याकडे आले व म्हणाले, "पाद्रीसाहेब, धाकटा दारू पितो. वर्धा नदीच्या पलीकडे दारूबंदी आहे. आपण राहतों अलीकडे. एक लाख चाळीस हजार त्याच्या हातीं देणें म्हणजे आंधळ्यास विहिरीच्या कांठीं उभें करणें. मीं तें दाबून ठेविलें, किंवा त्यांतील कांहीं त्या पोरक्या नातवाकडे वळविलें, तर पाप तें कोणतें?"

आम्हांस लागलेंच उत्तर देतां आलें नाहीं. गुरुजींचें मन शुद्ध होतें. परंतु विचार करूं जातां असें दिसलें कीं ते ज्या दयेनें द्रवले होते, ती दुसऱ्याच्या पैशांची दया होती. बापास मुलाचें व्यसन ठाऊक होतें. तरी त्यानें सारखा वांटा लिहिला. त्यास वाटलें असतें तर रक्कम हप्त्यांनीं द्या असें लिहितां आलें असतें. त्यानें लिहिलें नाहीं. तो चुकला असेल. तथापि ती चूक सुधारण्याचा अधिकार त्यानें कोणाच्या स्वाधीन केलेला नाहीं. पूर्वीं डाकवाला मनिऑर्डर घेऊन येई, तो घरधनी पितो कीं काय हें पाहून रक्कम कमी करीत नसे. वतनाची वांटणी करून द्या म्हणून एक मनुष्य येशूकडे आला असतां त्यानें तो अधिकार आपणाकडे घेतला नाहीं, ही गोष्ट आम्हीं गुरुजींस आठवून दिली. व्यवस्थापक वांटणी करणारा नव्हे. वांटणी मयतानें केली, यानें ती पोंचवावयाची. धाकट्याची काळजी असेल तर त्याच्या दारीं जावें, त्याच्याशीं बोलावें, आपल्या पदरचें वेंचावें. ती वाट अधिक कठीण आहे, हें आम्ही कबूल करितों.

नातवाचा वांटा सोपा होता. अज्ञान मुलाच्या वतीनें कोणास द्यावें हें मृत्युपत्रांत लिहिलें नसेल, तर ती रक्कम जिल्हा न्यायाधीशाच्या कोर्टांत त्याच्या नांवें भरावयाची असते. मुलाच्या काकानें "मी सांभाळतों" म्हणून पुष्कळ गळ घातली. गुरुजी अमरावतीस गेले.

आतां आमच्या स्वतःच्या दारचें सांगितलें पाहिजे. पंचांपैकीं एकानें सुचविलें कीं प्रत्येक वांट्यांतून दशमांश मंडळीकरितां कापून मगच रक्कम द्यावी. मंदिराचे पत्रे गळतात. आम्हांस मोह झाला नाहीं असें म्हणूं तर तें खोटें होईल. मरणोन्मुख मनुष्याजवळ पाळकच बसलेला असतो, व कायदा करणारांस त्याची शंका आलेली होती. ज्या ख्रिस्ती मनुष्यास पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असेल, त्यानें मृत्यूपूर्वीं निदान बारा महिने मृत्युपत्र केल्यावांचून धर्मकार्यास देणगी देतां येऊं नये, असें 1925 च्या कायद्याचें 118 वें कलम होतें. तें भेदभावाचें आहे असें ठरवून सर्वोच्च न्यायालयानें 2003 सालीं रद्द केलें, तें योग्यच झालें. बंधन गेलें; शंकेचें कारण गेलें, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. दशमांश कापूं दिला नाहीं. पत्रे अजून गळतात. (उपदेशक बंधूंस जातां जातां एक सूचना: ज्या मृत्युपत्रांत तुम्हांस कांहीं ठेविलें असेल त्यावर साक्षीदार म्हणून सही करूं नका, मृत्युपत्र टिकेल, तुमची देणगी जाईल.)

वर्ष भरण्यास थोडे दिवस असतां गुरुजींनीं दोघां भावांस बोलाविलें, जमाखर्चाची एकेक नक्कल हातीं दिली, धनादेश दिले व पावत्या घेतल्या. धाकटा बराच वेळ कागद पाहत राहिला व म्हणाला, "गुरुजी, मला वाटलं होतं, तुम्ही माझे पैसे देणार नाही."

त्यांतील कांहीं गुत्त्यांत गेले. कांहींच्या त्यानें शेळ्या घेतल्या; त्यांपैकीं चार अजून आहेत. गुरुजी दर रविवारीं संध्याकाळीं त्याच्या अंगणांत जाऊन बसतात.