उतारवयातील नवी फ्रेम

उतारवयात नवा चष्मा घ्यावा की नाही, यावर कोणी वाद घालत नाही. नंबर बदलला की काचा बदलाव्याच लागतात. वाद सुरू होतो तो फ्रेमवरून. साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाने जुनीच फ्रेम पुढे करून "यातच नव्या काचा बसवा" म्हटले की घरात सगळे खूश असतात. त्याने शोकेसमधली जाड, गोल, मरून रंगाची फ्रेम मागितली की मात्र सोबत आलेला मुलगा इकडेतिकडे पाहू लागतो. घरात आमच्या दखनीत यासाठी तयार म्हण आहे, 'बुढी घोडी लाल लगाम'. उंबऱ्याबाहेर मराठीत एकच शब्द आहे आणि तो म्हणीहूनही जास्त झोंबतो, 'म्हातारचळ'. दोन भाषांत वाढलेल्या आम्हा मंडळींना दोन्हीकडचा प्रसाद मिळतो.

म्हणीत घोडी आहे, घोडा नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मोहल्ल्यातले चाचा सत्तरीत मेंदी लावून दाढी लाल करतात, सुरमा घालतात, अत्तराचा फाया कानात ठेवतात. त्यांना कोणी हसत नाही. त्याच वयाच्या खालाने चष्म्याची दांडी रंगीत घेतली की चर्चा होते. म्हणून हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटला तरी मुळात तो नैतिक आहे असे आम्हाला वाटते. माणसाचे वय झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर हक्क कोणाचा? त्याचा स्वतःचा, की त्याला एका विशिष्ट रूपात पाहण्याची सवय झालेल्या घरच्यांचा?

आधी थोडे शब्दांविषयी. चष्मा हा शब्द मराठीला फारसीतून मिळाला. 'चश्म' म्हणजे डोळा. उर्दूत 'चश्मा' म्हणजे पाण्याचा झराही. ऐनक या शब्दाच्या मुळाशी अरबी 'ऐन' आहे आणि त्याचेही हेच दोन अर्थ, डोळा आणि झरा. वाळवंटातल्या भाषेला डोळा आणि पाणी एकाच शब्दात सापडावे हे किती सुंदर आहे! मराठीने मात्र स्वतःचा एक खास शब्द घडवला, चाळिशी. या शब्दात काव्य नाही, हिशेब आहे. चाळीस वर्षे झाली, डोळ्याच्या आतले भिंग ताठरले, जवळचे अक्षर धूसर झाले, हात लांब करून पेपर वाचायची वेळ आली. वयाचे नावच वस्तूला देऊन टाकले. त्यामुळे चाळिशी लावणारा माणूस आपले वय नाकावरच घेऊन हिंडतो. तो ते लपवणार कसे?

वास्तविक चष्म्याचा शोधच उतारवयासाठी लागला. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'किताब अल-मनाजिर' लिहिले. डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो, तेव्हा आपल्याला दिसते, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडले. तो ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, युरोपातल्या विद्वानांनी अभ्यासला, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत पहिले चष्मे तयार झाले. ते सगळे बहिर्गोल भिंगांचे, म्हणजे जवळचे न दिसणाऱ्या प्रौढांसाठीचे होते. लांबचे न दिसणाऱ्या तरुणांची सोय पुढे बऱ्याच काळाने झाली. पंधराव्या शतकात हेरातच्या जामींनी आपल्या म्हातारपणाविषयी लिहिताना फिरंगी चष्म्याचा उल्लेख केला आहे. विद्या इकडून तिकडे गेली आणि वस्तू होऊन परत आली.

या इतिहासातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. चष्मा घातलेल्या माणसाचे सर्वांत जुने ज्ञात चित्र इटलीतल्या त्रेव्हिसो येथे आहे. तोमासो दा मोदेना या चित्रकाराने ते १३५२ साली काढले. त्यात एक कार्डिनल चष्मा लावून लिहीत बसला आहे. गंमत अशी की हा कार्डिनल १२६३ सालीच वारला होता, म्हणजे चष्मा निघण्याच्याही आधी. चित्रकाराने मेलेल्या माणसाला चष्मा चढवला, कारण तोवर चष्मा ही नुसती सोय राहिली नव्हती. तो विद्वत्तेचा दागिना झाला होता. तेव्हा चष्म्यात सोय किती आणि शोभा किती, हा सवाल आजचा नाही. ज्यांना वाटते की पूर्वी माणसे फक्त दिसण्यापुरता चष्मा घेत आणि आता फॅशन आली, त्यांनी हे चित्र आठवावे.

आता दुकानात येऊ. ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांना एक अडचण चांगलीच ठाऊक असेल. दुकानातल्या फ्रेमला नंबर नसलेली साधी काच असते. ती घालून पाहायची तर आपला चष्मा काढावा लागतो. आणि चष्मा काढला की आरशात चेहऱ्याऐवजी धुके दिसते. म्हणजे मी कसा दिसेन हे ठरवण्याच्या नेमक्या क्षणी मला मीच दिसत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागते. दुकानातला पोरगा प्रत्येक फ्रेमला "एकदम सूट होते अंकल" म्हणतो. तो त्याचा धंदा आहे. मुलगा किंमतीची चिठ्ठी उलटून पाहतो. सून म्हणते, "अब्बा, पहिलीसारखीच घ्या, तीच शोभते." आणि अब्बा तीच घेतात. सून वाईट नाही. तिला सासऱ्यांचा जो चेहरा माहीत आहे तोच तिला शोभणारा वाटतो. परंतु तिला माहीत असलेला चेहरा दहा वर्षांपूर्वीचा आहे. हनुवटीखालची कातडी सैल झाली, भुवया विरळ झाल्या, दाढी पांढरी झाली. काळ्या दाढीवर उठून दिसणारी सोनेरी तारेची फ्रेम आता पांढऱ्या दाढीत हरवून जाते. चेहरा बदलून बसला आहे. जुनी फ्रेम कायम ठेवणे म्हणजे जुना चेहरा कायम ठेवणे, असे कसे म्हणता येईल?

(यावर उपाय नातवंडांनी काढला. ती फ्रेम घातलेल्या आजोबांचा मोबाईलवर फोटो काढतात. मग आजोबा आपला चष्मा चढवून तो फोटो पाहतात. विज्ञानाचा हा उपयोग आम्हाला मान्य आहे.)

मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांचा अनुभव तर याहून विलक्षण. पिवळटलेले भिंग गेले, स्वच्छ भिंग आले की आकाश निळे दिसते, पांढरा सदरा खरोखर पांढरा दिसतो, आणि आरशात सुरकुत्याही दिसतात. कित्येकांना आपण इतके म्हातारे झालो आहोत हे त्या दिवशी प्रथम कळते. काही जण खट्टू होतात. काही मात्र ठरवतात की आता हा जो चेहरा समोर आहे त्यालाच नीट सजवू. आमचा कल दुसऱ्यांकडे आहे.

याविरुद्ध जे बोलले जाते ते उडवून लावण्यासारखे नाही. पहिला आक्षेप दिखाऊपणाचा. नटणे म्हणजे घमेंड, आणि कबरीत पाय लटकले असताना घमेंड कसली? पैगंबरसाहेबांनी (स.) गर्वाविषयी ताकीद दिली तेव्हा कोणीतरी विचारले होते, की आपला पोशाख चांगला असावा, जोडा चांगला असावा असे माणसाला वाटते, तोही गर्वच का? उत्तराचा आशय असा की सौंदर्य ईश्वराला प्रिय आहे. गर्व म्हणजे सत्य झिडकारणे आणि माणसांना तुच्छ लेखणे. या मापाने मोजले तर लाल फ्रेम घेणारी खाला गर्विष्ठ ठरत नाही. तिला हसणारे मात्र अडचणीत येतात.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. म्हाताऱ्याने तरुण दिसू पाहणे म्हणजे लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणे. येथे हजरत अबू बक्र यांच्या वृद्ध वडिलांची गोष्ट सांगितली जाते. मक्केच्या विजयाच्या वेळी, इ.स. ६३० मध्ये, ते आले तेव्हा त्यांचे केस पांढरेशुभ्र होते. हा रंग बदला, पण काळा टाळा, असे त्यांच्याबाबत सांगण्यात आले. उलेमांमध्ये यावर चर्चा आहेत. त्यात पडण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही एवढाच अर्थ घेतो की वृद्धाने बदलायला हरकत नाही, बतावणी करू नये. मेंदीने लाल झालेल्या दाढीला कोणी तरुणाची दाढी समजत नाही. रंगीत फ्रेमही वय लपवत नाही, उलट डोळ्यांकडे लक्ष वेधते. याउलट बाजार आता जे विकू पाहतो ते वेगळे आहे. सुरकुत्या पुसा, दहा वर्षे कमी दिसा! म्हाताऱ्यांच्या पेन्शनवरही त्याची नजर गेली आहे. त्या मालाला आमचा विरोध आहे, आणि तो नव्या फ्रेमच्या समर्थनाशी विसंगत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत आदरणीय, सादगीचा. आमच्या आयांनी उभी हयात सादगीत काढली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण ती सादगी त्यांनी निवडली होती का? आधी मुलांच्या फिया, मग घरधन्याचे कपडे, मग ईदची शीरखुर्म्याची तयारी, आणि उरलेच तर त्यांचे. अनेक घरांत अम्मीचा चष्मा म्हणजे अब्बांचा जुना चष्मा असे. नंबर कोणाचा, नाक कोणाचे! तुटलेली दांडी दोऱ्याने बांधून त्या कुराणशरीफ वाचत, तांदूळ निवडत. त्याला आम्ही सब्र हे नाव दिले. सब्र खराच होता, पण त्याचा फायदा कोणाला झाला हेही विचारले पाहिजे. जी सादगी नेहमी एकाच माणसाच्या वाट्याला येते, तिला सद्गुण म्हणताना आमची जीभ अडखळते.

विधवांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. इद्दतचा काळ चार महिने दहा दिवसांचा. त्यानंतर स्त्रीने रंगीत कपडा घालू नये, बांगडी भरू नये, असे धर्म सांगत नाही. तरी आमच्या कितीतरी घरांत ती जन्मभर फिकट रंगांतच राहते. ही रीत शेजारच्या चालीरीतींतून आली आणि आम्ही ती मुकाट्याने घरात घेतली. आमच्या ओळखीतल्या एका आपांनी शौहर गेल्यावर सात वर्षांनी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मोरपंखी फ्रेम घेतली. धाकट्या जावेने विचारले, "क्या आपा, अब इस उमर में?" आपा म्हणाल्या, "इस उमर में इच तो नजर कमजोर हुई ना!" जावेला पुढे काही सुचले नाही.

मात्र एक अडचण आम्हालाही सतावते. चष्मा हा चेहऱ्याचा इतका भाग होऊन जातो की माणूस गेला तरी तो उरतो. २०१४ साली निघालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या चिन्हात गांधीजींचा चेहरा नाही, नुसता चष्मा आहे आणि तो सर्वांना ओळखू येतो. घरोघरीही हेच. अब्बा म्हटले की डोळ्यांपुढे ती काळी जाड फ्रेम येते. मुलांना, नातवांना ती ओळख हवी असते, आणि तिच्यात मायाच असते. त्या मायेचा काहीच हक्क नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण मुले स्वतः दर वर्षी केस, कपडे, फोन बदलतात आणि म्हाताऱ्यांनी तेवढे त्यांच्यासाठी स्थिर राहावे, फोटोसारखे, अशी अपेक्षा ठेवतात. फोटोत जायला अवकाश आहे, एवढेच त्यांना सांगायचे. बेंजामिन फ्रँकलिन एकोणऐंशी वर्षांचे असताना आपल्या दुहेरी काचांच्या चष्म्याविषयी मित्राला लिहीत होते. त्यातून जेवताना ताट आणि समोरच्याचा चेहरा दोन्ही दिसतात, आणि ओठांची हालचाल दिसल्याने फ्रेंच अधिक चांगले समजते, याचा त्यांना आनंद होता. ऐंशीच्या उंबरठ्यावर माणूस परकी भाषा समजून घेण्यात गुंतला होता.

आता जे म्हणतील की हे सगळे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे चोचले आहेत, त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मालेगाव-भिवंडीच्या लूमवर तुटलेला धागा जोडणाऱ्याला, जरीकाम करणारीला, शिलाई मशीनवर बसणाऱ्याला चाळिशी लागते तेव्हा फ्रेमचा नव्हे, रोजीचा प्रश्न उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की जवळचे दिसत नसूनही चष्मा न मिळालेली ८२ कोटींहून अधिक माणसे जगात आहेत. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना साधे वाचनाचे चष्मे देऊन पाहिले, तेव्हा त्यांचे पान खुडण्याचे काम चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढले. तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या स्वस्त वस्तूवाचून एवढी माणसे अडावीत, ही शरमेची गोष्ट आहे.

परंतु गरिबाला फक्त नंबर लागतो, पसंती लागत नाही, हे आम्हाला मान्य नाही. मोहल्ल्यांतून होणाऱ्या मोफत शिबिरांत आम्ही अनेकदा बसलो आहोत. एकाच तऱ्हेच्या तपकिरी प्लास्टिक फ्रेम, खोका उघडायचा आणि वाटत जायचे. पुढे कित्येक घरांत ते चष्मे पेटीत पडलेले दिसतात. लोक म्हणतात, लोकांना किंमत नाही. किंमत कशी असेल? चष्मा हातात दिला, पण तो घालून आपण कसे दिसतो हे पाहायला कोणी आरसाही समोर धरला नाही. आम्ही आयोजकांना दोन गोष्टी सुचवल्या, चार-पाच तऱ्हांच्या फ्रेम ठेवा आणि भिंतीला एक आरसा टांगा. खर्च फारसा वाढत नव्हता. आक्षेप आला तो वेळेचा: बायका निवडत बसतील, रांग खोळंबेल. तरीही गेल्या खेपेला आरसा लागला. बिड्या वळून बोटे काळी झालेली एक नानी त्याच्यापुढे उभी राहिली. तिने एक फ्रेम घातली, काढली, दुसरी घातली, ओढणी मागे सारून पुन्हा पहिली घातली. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "नानी, जल्दी करो." नानी मागे न वळता म्हणाली, "ठैर रे, पैली बार पूछे मेरे को."